शंभर फेऱ्यांचा माणूस

पंखेमास्तरांच्या दुकानात छताला पंखा नव्हता. उन्हाळ्यात आलेलं गिऱ्हाईक मानेवरचा घाम पुसत भिंतींकडे बघायचं आणि हटकून तीच थट्टा करायचं, की एवढे पंखे टांगलेत आणि वारा एकाचाही नाही. मास्तर तीस वर्षं त्या थट्टेला हसत आले होते. हसलं की माणूस लवकर कामाचं बोलायला लागतो, हा त्यांचा अनुभव.

भिंतीवर एकशे बारा पंखे होते, सगळे पाण्यातले, मोटरबोटीच्या शेपटाला लावायचे. प्रत्येकाच्या बुडख्यावर आकडा कोरलेला. तेराचा पंखा म्हणजे एका फेऱ्यात बोटीला तेरा इंच पुढे ढकलणारा, निदान कागदावर तरी. आकडा वाढला की इंजिनाला ओझं वाढतं आणि त्याचे मिनिटाचे फेरे उतरतात. फार लहान लावला तर इंजिन रिकाम्या पोटी भणाणत राहतं, फार मोठा लावला तर जिना चढणाऱ्या लठ्ठ माणसासारखं धापा टाकतं. नेमका कुठला, ते बोट भरून पाण्यात नेल्याशिवाय आणि थ्रॉटल शेवटपर्यंत उघडून मीटर बघितल्याशिवाय कळत नाही. लोक हौसेनं बोट घेतात, रंग निवडायला महिना लावतात आणि पंखा शेजाऱ्याचा बघून लावतात. मग मास्तरांकडे येतात.

बोट भरायची मास्तरांची रीत अख्ख्या तळ्याकाठी प्रसिद्ध होती. ते माणसं बसवत नसत. माणसं हलतात, उभी राहून काठावरच्यांना हात दाखवतात, आणि अंगावर पाणी उडालं की भांडतात. म्हणून ते बोटीत बसणाऱ्या एकेकाला दुकानातल्या वजनकाट्यावर उभं करायचे, तेवढ्या वजनाची वाळू गोणीत भरायचे आणि गोणीचं तोंड त्याच माणसाच्या जुन्या कपड्याच्या चिंधीनं बांधायचे, म्हणजे कोण कुठे बसलंय ते विसरायला नको. फुलाफुलांच्या चिंधीची सासूबाई मागच्या फळीवर, चौकड्यांचे जावईबापू पुढे. मग एकटे मास्तर सगळ्या कुटुंबाला घेऊन तळ्यावर फिरून यायचे आणि एकाचाही आवाज नसायचा. कित्येक जावयांनी ही गोणीची सोय कायमची विकत मागितली होती.

आणि होता तक्ता. काचेच्या चौकटीत, गल्ल्याच्या वर. कुठल्या लांबीची बोट, केवढं इंजिन, कितीचा पंखा, किती माणसं आणि किती फेरे, असं तीस वर्षांचं तपासणं त्यात उतरवलेलं. पंखा एका इंचानं वाढवला की दोनशे फेरे जातात, आणि मध्यम बोटीत एक धडधाकट माणूस चढला की शंभर. तक्ता कधी चुकला नव्हता. त्यात एकच गंमत होती आणि ती तीस वर्षांत कोणाच्या ध्यानात आली नव्हती, मास्तरांच्याही नाही. चालवणारा नेहमी मास्तर स्वतःच असत, म्हणून त्यांचं वजन प्रत्येक आकड्यात आपसूक मुरलेलं होतं. ते वेगळं लिहिलेलं कुठेच नव्हतं. गावात बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाची गोणी केव्हा ना केव्हा भरली गेली होती, एका मास्तरांची सोडून.

तर या मास्तरांनी साठीला दुकान आवरायचं ठरवलं. जन्मभर लोकांच्या बोटी पळवल्या, स्वतःच्या बोटीत एकदाही पाय लांब करून बसले नव्हते. त्यांच्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, एक वापरलेली बोट स्वस्तात मिळाली. मेहुण्याला घरात लाडोबा म्हणत. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, पण लाडोबाच. अर्धे पैसे त्याचे, अर्धे मास्तरांचे. त्यानं बोटीला भडक पिवळा रंग देऊन आणला आणि जाहीर केलं, की भाऊजी, आता तुम्ही आणि मी, दोन गळ आणि एक थर्मास, मरेपर्यंत.

रविवारी पहिली सफर ठरली. मास्तर, त्यांची बायको, लाडोबा आणि लाडोबाची बायको, जिला घरात सगळे वहिनी म्हणत. म्हणून त्या गुरुवारी तिघांना वजनकाट्यावर चढावं लागलं. लाडोबाच्या बायकोनं चढण्याआधी चपला काढल्या, घड्याळ काढलं आणि श्वास आत घेतला. मास्तरांच्या बायकोनं नवऱ्याला बजावलं की आकडा मनातल्या मनात वाचा, आणि त्यांनी तो इतक्या मनातल्या मनात वाचला की लाडोबानं बाहेरून ओळखून सांगितला. मग त्या दिवशी बहीणभावाचं बोलणं बंद होतं. तीन गोण्या भरल्या, तीन चिंध्या बांधल्या. मास्तरांची गोणी अर्थातच नाही. ते स्वतः असणारच होते.

शुक्रवारी सकाळी तळं आरशासारखं पडलं होतं. धक्क्यावर टोकाला एक सैल फळी होती. पाण्यावर येणारी ती शेवटची फळी ज्याच्या त्याच्या पायाखाली कुरकुरायची, मांजर गेलं तरी. लाडोबा गोण्या घेऊन तीन वेळा गेला, तीन वेळा फळी बोलली. मास्तर तेराचा पंखा काखेत धरून मागून गेले.

पंखा बसवला, नट आवळला, स्प्लिट पिन वाकवली. तिन्ही गोण्या जागच्या जागी. लाडोबा काठावर थांबला आणि मास्तर एकटे निघाले. तक्ता सांगत होता, तेराचा पंखा, चालवणारा आणि तिघं, पंचावन्नशे फेरे. थ्रॉटल शेवटपर्यंत उघडली, बोटीनं नाक उचललं, मग सपाट झाली. मीटरचा काटा छप्पन्नशेवर जाऊन थांबला.

एवढ्यानं दुसरा कोणी हुरळून गेला असता. मास्तरांनी बोट वळवली आणि उलट्या दिशेनं तीच धाव पुन्हा घेतली, न जाणो वारा पाठीशी असेल. वारा नव्हताच. छप्पन्नशे.

त्यांनी परत येऊन दुसरं मीटर लावलं. तेही छप्पन्नशे. पेट्रोलची टाकी बघितली, भरलेली. बाराचा पंखा चढवला, तक्त्याप्रमाणे सत्तावन्नशे यायला हवे होते, आले अठ्ठावन्नशे. पंखा कुठलाही लावा, शंभर जास्तच. जणू बोटीत ठरल्यापेक्षा एक माणूस कमी होता.

लाडोबा म्हणाला की त्याच्या बायकोनं श्वास आत घेतला होता त्याचाच हा परिणाम. मास्तर हसले नाहीत. कुठली तरी गोणी खोटं बोलत असणार, म्हणून तेराचा पंखा परत चढवून त्यांनी एकेक गोणी उतरवायला घेतली. बायकोची गोणी काढली, फेरे शंभरानं वाढले. म्हणजे ती मोजली जात होती. लाडोबाची काढली, आणखी शंभर. वहिनीची काढली, आणखी शंभर. तिन्ही गोण्या प्रामाणिक होत्या. आता बोटीत वाळूचा कण नव्हता, एकटे मास्तर होते, आणि काटा एकोणसाठशेवर उभा होता.

तो आकडा तक्त्यात तेराच्या पंख्यापुढे कुठेही नव्हता. तिथली सगळ्यात वरची ओळ अठ्ठावन्नशेची, नुसता चालवणारा. त्याच्यावर ओळ असायचं कारणच नव्हतं, कारण रिकामी बोट कोणी पळवत नाही. मास्तरांनी थ्रॉटल हळूहळू बंद केली. बोट तळ्याच्या मध्यावर येऊन थबकली. पाणी इतकं शांत की त्यांना त्यात पिवळ्या बोटीचं प्रतिबिंब कडेकडेपर्यंत दिसत होतं. आपलं तोंड दिसतं का ते बघायला ते वाकणार होते, पण वाकले नाहीत. काही गोष्टी बघून समजण्यापेक्षा न बघता न समजलेल्या बऱ्या.

काठावर येऊन त्यांनी लाडोबाला एकट्याला पाठवलं. तो आरडाओरडा करत गेला आणि आला, मीटर वाचून सांगितलं, अठ्ठावन्नशे. मग दोघं बसून गेले. दोघांना सत्तावन्नशे यायला हवे होते.

आले अठ्ठावन्नशेच. मास्तर लाडोबाच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

लाडोबानं थोडा वेळ मीटरकडे बघितलं, मग भाऊजींच्या मांडीला एक बोट टोचून बघितलं. मांडी होती. म्हणाला, "भाऊजी, तुम्ही सकाळी काही खाल्लं नव्हतं का?"

दुकानात येऊन मास्तर वजनकाट्यावर उभे राहिले. सहासष्ट किलो. जमिनीवर त्यांचं वजन चोख होतं. कमी पडत होतं ते पाण्यावर.

बोटीत काहीतरी दडलेलं असेल, एखादी पोकळ पेटी, जास्तीचा फोम, असं म्हणून दोघांनी दुपारी अख्खी बोट धुंडाळली. पुढच्या कप्प्यातून दोर निघाला, फाटकं जॅकेट निघालं, आणि गोणपाटात गुंडाळलेला एक पंखा निघाला. लाडोबा म्हणाला, हा बोटीवर आधीचाच होता, रंग देताना काढून आत टाकला, सांगायचं राहिलं.

मास्तरांनी तो उजेडात धरला. तेराचा. बुडख्यावर आकड्याच्या शेजारी तीन टिंबं ठोकलेली. मास्तर ज्या पंख्याला हात लावत त्यावर ती टिंबं ठोकत, ओळख म्हणून. आणि तिन्ही पात्यांच्या मागच्या काठाला हातोडीनं किंचित वळी दिलेली. काठ असा वळवला की पंखा पाण्याला जरा घट्ट धरतो, आणि आकडा न बदलता शंभर फेरे उतरतात.

हातोडीचे घाव त्यांचेच होते. अंगठ्याखाली आल्यावर त्यांना दिवससुद्धा आठवला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गावातले घड्याळजी, बारीक अंगाचे, बाहीवर एक सुरकुती नसलेले, हा पंखा पिशवीत घालून दुकानात आले होते. बोट आणली नव्हती, नुसता पंखा. स्टुलावर बसून त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की गेले काही दिवस त्यांची बोट हलकी चालते आहे. एकटाच जातो, तोच पंखा, तेच इंजिन, आणि शंभर फेरे जास्त. घड्याळजी होते, त्यांना शंभर फेरे बोचत होते. असं का होत असेल, असं त्यांनी तीनदा विचारलं होतं.

मास्तर घाईत होते. म्हणाले, "हलकी चालते तर चांगलंच की. काठ वळवून देतो, आकडा जागेवर येईल."

आणि आला होता. घड्याळजींनी दुसऱ्या दिवशी येऊन आभार मानले, काटा अगदी जिथल्या तिथे. आठवड्यानं त्यांची बोट तळ्याच्या मध्यावर गोल गोल फिरताना सापडली. इंजिन चालू, टोपी फळीवर, चष्मा टोपीत. पाण्यावर लाट नव्हती. घड्याळजी सापडलेच नाहीत. गावानं म्हटलं, चक्कर आली असेल.

"ही त्यांची बोट होती?" मास्तरांनी विचारलं.

लाडोबानं मान डोलावली. तेव्हा ती पांढरी होती. बायका घाबरतील म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं, आणि पिवळा रंगही त्यासाठीच होता. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी पंखा गुंडाळला, पुन्हा उलगडला आणि त्या वळलेल्या काठावरून अंगठा फिरवत बसले. बोट त्या माणसाला मोजायची थांबली होती, त्याला तेवढं कळलं होतं, तो ते विचारायला आला होता. आणि आपण काटा दुरुस्त करून त्याला घरी पाठवलं.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगणं भाग पडलं. तिनं भाकरी थापायचं सोडून नीट ऐकून घेतलं.

"पस्तीस वर्षं मी सांगतेय, तुमचं या घरात काही वजन नाही," ती म्हणाली. "इंजिनाला आत्ता कळलं."

पण हे बोलताना तिनं त्यांच्या मनगटाला धरून ठेवलं होतं, आणि सोडलं नाही. मग तिनं विचारलं की आता काय करणार. मास्तर म्हणाले, बोट विकावी. ती म्हणाली, कोणाला? ती तिसऱ्याला मोजायची थांबली तर त्याला सांगायला कोण जाणार? मास्तर म्हणाले, मग जाळावी. ती म्हणाली, बोटीनं तुम्हाला मोजणं सोडलंय, बोट जाळून तुम्ही परत मोजले जाल याची खात्री आहे का? तशी खात्री नव्हती. आदल्या वर्षी तळ्यावर त्यांनी चाळीस बोटी पळवल्या होत्या आणि या वर्षी ही पहिलीच. खोट बोटीत नसून त्यांच्यातच असेल, तर दुसऱ्या कुठल्याही बोटीत ते असेच नसणार होते. एकदा का ही शंका आली की पुन्हा पाण्यावर पाय ठेवणं नको. जन्मभर ज्याची वाट बघितली ते सगळं काठावरूनच बघायचं.

मग ती उठली, कपाटातून त्यांचा निळ्या रेघांचा जुना सदरा काढला आणि टर्रकन त्याची एक पट्टी फाडली.

"चला दुकानात," ती म्हणाली. "सगळ्या गावाच्या गोण्या भरल्यात, तुमची राहिलीय."

सहासष्ट किलो वाळू. एक मूठ जास्त झाली ती तिनं काढून टाकली. गोणीचं तोंड तिनं स्वतः बांधलं, दोन गाठी, वर तिसरी.

शनिवारी सकाळी सफर नव्हती, तपासणी होती. मास्तरांनी सांगून बघितलं की लाडोबानं एकट्यानं जावं, पण बायको म्हणाली, मला ती मोजते, तुम्हीच बघितलंत, आणि हिशेब पुरा व्हायला माणूस हवा. ती पुढे बसली, लाडोबा चालवायला, वहिनीची गोणी मधे आणि मास्तरांची गोणी मागच्या फळीवर, जिथे त्यांनी पाय लांब करून बसायचं ठरवलं होतं तिथे. तिनं ती दोरानं फळीला बांधायला लावली. लाडोबानं बांधली, आणि जन्मात पहिल्यांदा त्यावर काही विनोद केला नाही.

वहिनी बोटीत बसायला तयार नव्हती. ती मास्तरांबरोबर धक्क्याच्या टोकावर उभी राहिली. बोट निघाल्यावर ती सैल फळीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, फळी कुरकुरत होती. मग ती बाजूला झाली आणि मास्तर तिच्या जागी आले.

"अहो, हे काय," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तुमच्या पायाखाली वाजत नाही ती."

मास्तरांनी खाली बघितलं. एक पाऊल पुढे टाकलं, एक मागे. टाचेवर जोर दिला. फळी गप्प होती. फळीखाली पाणी होतं. काल गेलो तेव्हाही ती वाजली नव्हती, हे त्यांना आत्ता आठवलं.

तळ्यावर लाडोबानं थ्रॉटल उघडली. मास्तरांना मीटर दिसत नव्हतं, पण तीस वर्षांच्या कानाला मीटर लागत नाही. पंचावन्नशेचा सूर त्यांना पाठ होता, आचाऱ्याला उकळी ऐकून कळते तसा. आवाज पाण्यावरून आला, भरदार, किंचित जड. पंचावन्नशे. चार माणसांचे. वाळूला बोटीनं मोजलं होतं.

बोट लांबच्या काठाला जाऊन वळली आणि परत यायला लागली. वहिनी काहीतरी बोलत होती, मास्तर ऐकत नव्हते. बोट मध्यावर आली, जिथे घड्याळजींची टोपी सापडली होती तिथे.

सूर चढला. फार नाही. दुसऱ्या कोणाला कळलाही नसता, वहिनी बोलतच राहिली. शंभर फेरे.

त्याच क्षणी मास्तरांच्या पायाखालची फळी कुरकुरली. ते हलले नव्हते. इतकी मोठ्यानं कुरकुरली की वहिनी बोलायची थांबली, आणि मास्तरांचे गुडघे असे वाकले जसं कोणी खांद्यावर सहासष्ट किलो अलगद आणून ठेवावेत. त्यांनी खांबाला धरलं. चपला ओल्या झाल्या होत्या, का ते कळेना. धक्का कोरडा होता.

बोट आली ती हळू आली. बायको पुढेच बसली होती, तोंड मागे करून. लाडोबाचा चेहरा रंग उडालेल्या भिंतीसारखा झाला होता. मागच्या फळीवर गोणी नव्हती. पडल्याचा आवाज झाला नव्हता, पाणी उडालं नव्हतं, लाडोबानं मीटर वर गेलेलं बघून मागे पाहिलं तेव्हा जागा मोकळी होती. दोर होता. फळीला जसा आवळला होता तसाच, न सुटलेला. आणि दोराच्या वेढ्यात निळ्या रेघांची पट्टी होती, चिंब भिजलेली, तिसऱ्या गाठीसकट बांधलेली. पट्टीच्या आत काहीच नव्हतं.

बायकोनं ती पट्टी सोडवून आणली होती. मास्तरांच्या हातात दिली आणि त्यांच्या पायांकडे बघितलं, फळीवरच्या त्यांच्या पायांकडे.

"बसा," ती म्हणाली. "तुमची जागा रिकामी आहे."

मास्तर उतरले. ते बोटीत पाय ठेवताना बोट त्यांच्या बाजूला कलली, चांगली बोटभर कलली, आणि लाडोबानं कालपासून कोंडलेला श्वास सोडला. वहिनीची गोणी चौथी धरून पुन्हा धाव घेतली. तेराचा पंखा, चौघं. मीटरचा काटा चढला, थरथरला आणि पंचावन्नशेवर बसला. मास्तरांनी उलट्या दिशेनंही बघितलं. पंचावन्नशे. बोट तळ्याच्या मध्यावरून गेली. मास्तरांनी तेवढी टोपी काढून मांडीवर धरली.

रविवारी सफर झाली. वहिनीही आली. लाडोबाला सोमवारपर्यंत पुन्हा विनोद सुचायला लागले.

दुकान मास्तरांनी आवरलं नाही. आता ते अर्धा दिवसच उघडतात, पण उघडतात. तक्त्याची चौकट उघडून त्यांनी सगळ्यात वर, पहिल्या ओळीच्याही वर, एक ओळ घातली: मी, सहासष्ट. बारकाईनं बघणाऱ्याला तिच्याही वर खडूनं लिहून पुसलेला एकोणसाठशेचा आकडा दिसतो. काठ वळवलेला तो पंखा त्यांनी भिंतीवर टांगला, विकायला नाही. कोणी उचलायला गेलं तर म्हणतात, तो घड्याळजींचा आहे, ते न्यायला येतील.

आणि कोणी येऊन सांगितलं, की मास्तर, एकटाच जातो, बोट हल्ली हलकी चालते, शंभरानं, तर ते हातोडीला हात लावत नाहीत. गिऱ्हाईक वैतागतं. साधा काठ वळवायचं काम, आणि हा म्हातारा त्याला वजनकाट्यावर उभं करतो, अंगावरचा सदरा मागतो आणि वाळूचं पिंप उघडतो. वर विचारतो, घरी गाठ मारून द्यायला कोणी आहे का. नसेल तर स्वतः मारून देतो, दोन गाठी, वर तिसरी.